आजोबांचं संगमरवरी डोकं

अक्सोना नदीकाठ, मार्चचा मध्य

प्रिय उर्सिनस,

तुझं पत्र मीठवाल्याच्या हाती पोचलं. पत्र कसलं, भाषणच. पहिलं पान संपलं तरी तू माझी खुशाली विचारतोयस की रोमच्या गतवैभवावर अश्रू ढाळतोयस, ते कळेना. तिसऱ्या पानावर एकदाचा मुद्दा आला: द्राक्षमळ्याची छाटणी झाली का, आणि न्हाणीघराची भट्टी कुणी फोडली तर नाही ना.

छाटणी मी स्वतः केली. वेडीवाकडी झाली आहे. भट्टी शाबूत आहे, पण थंड आहे, कारण लाकडं फोडणारे गडी तू सोबत घेऊन गेलास.

वर साल घातलेलं नाही, म्हणून नाक मुरडू नकोस. साल घालायचं तर त्या वर्षीच्या कॉन्सलचं नाव लागतं, आणि यंदा कॉन्सल कोण हे इथे कुणालाही ठाऊक नाही. शहरातल्या कारकुनाला विचारलं तर म्हणाला, "बाई, आता राजाचं वर्ष लिहायची पद्धत पडली आहे." केसांना लोणी फासणाऱ्या त्या रानटी फ्रँक राजाचं वर्ष मी लिहिणार नाही. त्यापेक्षा कोरं बरं.

मी रागावले आहे का, असं विचारतोस. छे रे. स्वासोंच्या लढाईत आपला सेनापती फ्रँकांकडून हरला ही बातमी आली तेव्हा तू जेवत होतास, तसाच हात न धुता उठलास. खेचरं लादून झाल्यावर कळलं की माझ्यासाठी जागा उरली नाही. स्वयंपाक्याला जागा होती. पिसांच्या गादीला होती. आजोबांच्या संगमरवरी डोक्याला तर अख्खं खेचर होतं, पेंढ्यात गुंडाळून. "ताई, आजोबा म्हणजे आपलं घराणं," असं तू मला घोड्यावर बसल्या बसल्या समजावलंस. असं आपलं घराणं दक्षिणेला आर्लच्या उन्हात जाऊन बसलं आणि विधवा बहीण राहिली घर राखायला. रागावेन कशाला?

आता कामाचं. ओढ्यापलीकडची लेउबा तुला आठवत असेल. नसेलच आठवत, तू त्या फ्रँक लोकांच्या तोंडाकडे कधी बघितलंच नाहीस. तिचा नवरा आपल्याच सैन्यात चाकरी करून मेला, त्याबद्दल त्यांना ती दलदलीची जमीन मिळाली. धिप्पाड बाई, अंगाला डुकरांचा आणि आंबलेल्या लोण्याचा वास, आणि बोलणं असं की दोन शेतं पलीकडची गाय दचकावी. इतकी वर्षं शेजार आहे आणि इतकी वर्षं आमचं कुंपणावरून भांडण आहे.

तिचा मुलगा बेरो नदीच्या उतारावर, पाणी उथळ आहे तिथून, लोकांना पार न्यायचा. तू गेलास त्या दिवसापासून तो बेपत्ता होता. हिवाळ्याचा पूर ओसरल्यावर परवा गाळात सापडला. बरगड्यांत भाल्याचा फाळ अडकलेला, आणि फाळावर बाबांची खूण.

लेउबा फाळ पदरात घेऊन माझ्या दारात आली. रडत नव्हती.

"हा तुमच्या घरचा," म्हणाली.

"आमच्या घरचा आहे," मी म्हटलं. "पण पळणाऱ्या सैनिकांनी आमचं शस्त्रघर लुटलं, हे तूही पाहिलंस. कुणाच्याही हातात असेल."

"तुझा भाऊ त्याच दिवशी उतारावरून गेला."

"माझ्या भावाच्या हातून कोंबडी मरत नाही, लेउबा. कोंबडी मारायची झाली तर तो माणूस पाठवतो."

तिने फाळ पुन्हा पदरात गुंडाळला. मग म्हणाली, "विचार त्याला."

म्हणून विचारते आहे. भाला तू मारलास का? हो किंवा नाही, एवढंच लिही. उपमा नकोत.

तुझी बहीण,
एव्होडिया


अक्सोना नदीकाठ, जूनची सुरुवात

उर्सिनस,

एक शब्द मागितला होता, तू शोकगीत पाठवलंस. त्यात नदी आहे, काळ आहे, नदीसारखा वाहणारा काळ आहे, आणि तीन देवता आहेत ज्यांच्यावर तुझा ख्रिस्ती म्हणून विश्वास असता कामा नये. "हो" नाही की "नाही" नाही. वर ताजा कलम: "त्या लोकांना काही तक्रार असेल तर त्यांनी आर्लच्या न्यायालयात रीतसर अर्ज करावा." वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. लेउबा डुकरं विकून, वकील लावून, महिनाभराची वाट तुडवून आर्लला येणार आणि तिथे तुझ्याबरोबर जेवणारा न्यायाधीश तिला न्याय देणार! वा रे वा.

इथलं ऐक. तुझा कायदा इथून तुझ्या आधीच पळाला. आता फ्रँकांची सभा भरते, टेकडीवरच्या ओकाखाली. त्यांचा कायदा कागदावर नाही. चार म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे आणि ते चौघे सभेत ओरडून एकमेकांना त्याची आठवण करून देतात. माणूस मेला तर मारणाराच नाही, त्याचं सगळं रक्त जबाबदार. मारणारा पळाला तर भाऊ, भाऊ नसेल तर बहीण. तू त्यांच्या हाती लागत नाहीस, तेव्हा मी आहे.

हे मला लेउबाने अंगणात बसून समजावलं. सोबत तिचे दोन दीर होते, दाढी नाही, नुसत्या मिशा, आणि मिशांत सकाळचं जेवण. ते माझ्या छपराकडे बघत होते, जणू कौलं मोजत होते.

"म्हातारे, नीट ऐक," लेउबा म्हणाली. "सुगी झाली की सभा. तुझ्या भावाने मारलं नाही, असं तू ओकाखाली शपथेवर सांगितलंस की संपलं. हे दोघं गप घरी जातील. नाही सांगितलंस तर हे घर, मळा, सगळं आमचं. घर भावाच्या नावावर ना?"

"भावाच्याच. बाबांनी त्यालाच दिलं."

"आणि तू?"

"मी त्यात राहते."

थोरला दीर गुरगुरला, "एकटीची शपथ कशी चालेल? बारा जण पाहिजेत सोबत शपथ घ्यायला. पद्धत आहे."

"हिचे बारा जण पळालेत दक्षिणेला," लेउबा म्हणाली. "हिची एकटीची चालेल मला. हिची जीभ विळ्यासारखी आहे. माझ्या डुकरांना, माझ्या नवऱ्याला, माझ्या केसांना, कशाला म्हणून हिने सोडलं नाही. पण ही खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. तू आठवून बघ."

दीर आठवू लागला. त्याला बराच वेळ लागला, पण काही सापडलं नाही.

उर्सिनस, आपल्या वर्गातल्या कुणी माझ्याबद्दल इतकं चांगलं कधी बोललेलं नाही, आणि बोलली कोण तर ही. मला त्याची लाजच वाटली.

सुगीपर्यंत वेळ आहे. तू ये. ओकाखाली उभा राहा आणि स्वतःच्या तोंडाने सांग. ते रानटी आहेत, पण सभेच्या वाटेवर कुणाला हात लावत नाहीत, तेवढी रीत त्यांना आहे. येता येत नसेल तर निदान तो एक शब्द लिही. मी त्या घरात जन्मले, नवरा मेल्यावर त्याच घरात परत आले, आणि मरायचंही मला तिथेच आहे. ते घर आता तुझ्या त्या एका शब्दावर उभं आहे.

एव्होडिया


अक्सोना, ऑगस्टची अखेर

उर्सिनस,

आला एकदाचा तुझा शब्द. धन्यवाद. मागितला होता त्यापेक्षा बराच जास्त आला.

तुझंच वाक्य तुला वाचून दाखवते, कारण तू लिहिताना त्याच्या लयीवर खूश झाला असशील आणि अर्थाकडे तुझं लक्ष नसेल: "पाण्याच्या मध्यभागी एक केसाळ रानटी अचानक आडवा आला, आजोबांना वाहणाऱ्या खेचराचा लगाम त्याने धरला, आपल्या भाषेत आरडाओरडा करत खेचर ओढू लागला, तेव्हा घराण्याच्या रक्षणार्थ मी भाला फेकला, आणि त्यात मला यत्किंचितही खेद नाही."

तू जन्मभर पुलावरून गेलास, उर्सिनस. पालखीतून. पूल तू पळालास त्याच वर्षीच्या वसंतात पडला, आणि त्याचे दगड उताराच्या डाव्या अंगाला कोसळून तिथे डोह झाला. वरून पाणी शांत दिसतं, म्हणून नवखा माणूस हमखास तिकडेच वळतो. तेव्हापासून उतारावरच्या पोरांची रीत पडली: कुणी डावीकडे चाललं की विचारायचं नाही, सांगायचं नाही, सरळ पाण्यात उडी मारून जनावराचा लगाम धरायचा आणि ओरडत ओरडत त्याला उजवीकडे ओढायचं. ओरडायचं ते जनावरासाठी, माणसासाठी नाही. बेरोने मलाही असंच ओढलं होतं. मी नखशिखांत भिजले आणि त्याला डुक्कर म्हटलं. तो दात काढून हसला आणि माझं गाढव काठावर बांधून गेला.

तो आजोबांना चोरत नव्हता. आजोबांना बुडण्यापासून वाचवत होता. तुझ्याही आधी त्याने लगाम धरला तो त्या खेचराचा, कारण दगडाच्या ओझ्याने तेच सगळ्यात आधी बुडालं असतं. तू कोरडा पार पोचलास ना? डोहात गेला नाहीस ना? मरता मरता त्या पोराने लगाम उजवीकडे ओढला असणार, त्याशिवाय ते जमलं नसतं.

तुझ्या पत्रात पुढे उपदेश आहे. "ताई, खुशाल शपथ घे. झाडाखाली, रानट्यांसमोर, त्यांच्या रानटी शब्दांत घेतलेली शपथ रोमन माणसाला बांधत नाही. घर वाचव. सम्राटाचं सैन्य आलं की मी परत येईन." कोणता सम्राट, बाळा? इटलीत एक गॉथ सरदार बसला आहे की आणखी कोणी, ते मीठवाल्यालासुद्धा नक्की माहीत नाही, आणि तो तर सगळं सांगतो.

आपल्या पाद्रीबुवांना विचारलं. त्यांनी डोळे मिटले, पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, "दोन्ही बाजूंनी बोलता येईल." मग हळूच विचारलं, यंदा मळ्याची वाईन किती निघेल. बुवांना फ्रँकांनी बोलावलंय, राजाच्या माणसांना आता बुवा हवे आहेत. बुवांनी अजून केसांना लोणी लावलेलं नव्हतं, पण पुढच्या वर्षी लावतील.

मला काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. खरं सांगते, मला घर हवं आहे. रोज पहाटे उठते, न्हाणीघराच्या थंड फरशीवर अनवाणी उभी राहते. तिथले आणि जेवणघरातले ते रंगीत खड्यांचे मासे, लहानपणी आपण दोघं त्यांना नावं द्यायचो. एका शब्दात हे सगळं माझं राहील. "नाही." इतका छोटा शब्द. आणि लेउबा तो विश्वासाने घेऊन घरी जाईल, डुकरांना खायला घालेल, आणि तिचं पोर कुणी मारलं हे जन्मभर तिला कळणार नाही. कुंपणावरून मला ती रोज दिसेल.

तुला खेद नाही म्हणतोस. बरं आहे. एवढ्या लांब न्यायला जड झाला असता.

एव्होडिया


ओढ्याच्या पलीकडे, ऑक्टोबर, राजाचं दुसरं वर्ष

उर्सिनस,

सभा झाली. काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहिते.

ओकाखाली चिखल होता. आपल्याकडे न्यायासनाला पायऱ्या असतात, छत असतं, टाचणी पडली तर ऐकू येईल इतकी शांतता असते, आणि निकाल आदल्या रात्री जेवताना ठरलेला असतो. इथे पोरं रडत होती, कुत्री भांडत होती, एक म्हातारा कायदा विसरला म्हणून दुसरा त्याच्या पाठीत गुद्दे घालत होता. सभेचा प्रमुख एका ओंडक्यावर बसून कांदा खात होता. मी माझा पांढरा झगा घातला होता, आईचा. पोचेपर्यंत गुडघ्यापर्यंत काळा झाला.

प्रमुखाने कांदा खाली ठेवला आणि विचारलं, "बाई, तुझ्या भावाने बेरोला मारलं का?"

लेउबा समोर उभी होती. तिने त्या दिवशी केस धुतले होते. का कोण जाणे, तेच पाहून मला रडू आलं.

"मारलं," मी म्हटलं. "बेरो त्याचं खेचर डोहातून ओढत होता. माझ्या भावाला वाटलं चोर आहे."

मग मी सगळं सांगितलं, लगाम, आजोबा, भाला. सांगताना मला तुझ्या वाक्याची लय आठवत होती, आणि त्या बाईसमोर ते साध्या शब्दांत सांगायला लागलं. लेउबाने एकच विचारलं, "लगाम धरला होता त्याने? सोडला नव्हता?" मी म्हटलं, "नाही सोडला." तिने मान हलवली आणि खाली बसली, चिखलातच.

थोरला दीर उठला. "म्हणजे रक्त हिच्यावर. घर आमचं, आणि ही पण आमची. बटीक म्हणून."

"थांब," लेउबा खालूनच म्हणाली. "हिला काठ्या मोडू द्या."

तुला हे माहीत नसेल. मलाही नव्हतं. त्यांच्यात माणसाला आपल्या रक्तातून बाहेर पडता येतं. ओढ्याकाठच्या झाडाच्या चार काठ्या घ्यायच्या, सभेत उभं राहून एकेक आपल्याच डोक्यावर मोडायची, तुकडे चार दिशांना फेकायचे आणि म्हणायचं की यापुढे या कुळाची शपथ मी घेणार नाही, याचा वारसा मला नको, याच्या रक्ताशी माझा संबंध नाही. मग कुळाचं कर्ज, वैर, खून, काही तुमच्याकडे येत नाही. घरही येत नाही.

काठ्या आणल्या. ओल्याच तोडलेल्या, मूर्ख कुठले. पहिली मोडली. दुसरी मोडली. तिसरी डोक्यावर आपटली तर नुसती वाकली. परत मारली, परत वाकली. विचार कर, तुझी बहीण, सिनेटरच्या घरातली, चिखलात उभी, स्वतःच्या डोक्यात काठी घालून घेते आहे आणि काठी मोडत नाही. मी वाट पाहत होते, आता हसतील. आपली माणसं असती तर पहिल्याच काठीला हसली असती आणि संध्याकाळपर्यंत त्यावर कविता केली असती.

कुणी हसलं नाही, उर्सिनस. ती सगळी लोणी फासलेली, दारुडी, मिशाळ माणसं श्वास रोखून बघत होती. पोरंसुद्धा गप्प झाली. पाचव्या फटक्याला काठी मोडली तेव्हा प्रमुखाने सुटकेचा श्वास सोडला, तो मला ऐकू आला. चौथी पटकन मोडली. टेंगूळ अजून आहे, त्या बाजूवर झोपता येत नाही.

घर लेउबाचं झालं. ती आणि दीर तिथे राहायला गेले. जेवणघरात डुकरं बांधली आहेत, आणि डुकरं त्या रंगीत माशांना दिवसभर हुंगत असतात. न्हाणीघरात कांदे वाळत घातलेत. मी गाठोडं घेऊन फाटकाबाहेर निघाले तेव्हा लेउबाने हाक मारली.

"कुठे निघालीस?"

"तुला काय करायचंय?"

"माझं जुनं खोपटं रिकामं पडलंय. गळतं, पण आहे. आणि ती भट्टी कशी पेटवायची ते मला दाखव, इतकं मोठं चुलाण आहे आणि थंडीने मरतोय आम्ही."

"भट्टीत लाकूड घालायचं असतं, कांदे नाही," मी म्हटलं.

"बघ, लागली बोलायला," ती दिराला म्हणाली. "डोक्यावर एवढं मारून घेतलं तरी जीभ जागेवर आहे."

तर मी आता ओढ्यापलीकडे राहते. वास असह्य आहे आणि ते मी तिला रोज सांगते. संध्याकाळी ती कुंपणाशी येते, आम्ही भांडतो, मग ती बेरोबद्दल काहीतरी विचारते: माझं गाढव त्याने कसं ओढलं, मी त्याला काय म्हटलं, तो कसा हसला. ती गोष्ट मी तिला पुन्हा पुन्हा सांगते. डुक्कर म्हटल्याचंही सांगते. तिला तेच जास्त आवडतं.

तुझ्या गेल्या पत्रात शेवटी होतं की आजोबांचं डोकं आर्लच्या दमट हवेत काळवंडतंय, त्याला कशाने पुसावं. मी लहानपणी व्हिनेगर आणि मऊ कापडाने पुसायचे, कानांच्या मागे जरा जास्त जोर लावून. ते नीट सांभाळ. माझ्या काठ्या मोडून झाल्या. आता ते फक्त तुझे आजोबा आहेत.

एव्होडिया,
ओढ्यापलीकडची